सातव्या ओळीतली चूक

मास्तर,

रफीकभाई म्हणाले, "अलकाताई, चार ओळी लिहून द्या, मास्तरांच्या फोटोखाली दुकानात लावतो." मी लिहायला बसले आणि पहिली ओळ आली ती ही : तुम्ही दुष्ट होता. ती खोडली. दुसरी लिहायला घेतली, तीही तीच निघाली. तेव्हा रफीकभाईंचं राहू दे. जे आहे ते तुम्हालाच लिहिते. तुम्हाला जाऊन एकवीस दिवस झालेत, तुम्ही मला मध्येच तोडू शकत नाही, आणि तुमच्यासमोर पुरतं वाक्य बोलायची माझी ही पहिलीच वेळ आहे.

शाहूपुरीत पिठाच्या गिरणीच्या माडीवर तुमचा क्लास होता. सकाळी सात ते नऊ. पलटणीत चोवीस वर्षं वायरलेसचे सेट दुरुस्त करून तुम्ही सुभेदार म्हणून परत आलात, आणि म्हसवडला जमिनीच्या तुकड्यावर बसायचं सोडून साताऱ्यात लोकांना मायक्रोकंट्रोलर, म्हणजे यंत्रं चालवणारी चिप, शिकवायला लागलात. साताऱ्यात तेव्हा हा शब्द धड उच्चारणारी दहा माणसं नव्हती. पाच किट होती तुमच्याकडे. हिरवी पाटी, तिच्यावर एक चिप, बाजूला आकड्या-अक्षरांची बटणं, वर सहा लाल आकडे दाखवणारी खिडकी. स्क्रीन नाही, काही नाही. प्रोग्राम आधी कागदावर लिहायचा, मग तक्त्यातून एकेका आज्ञेचा आकडा शोधायचा, आणि बटणं दाबून एकेक आकडा आत भरायचा. वीज गेली की भरलेलं सगळं साफ. साडेआठला खाली गिरणी सुरू व्हायची, पीठ जिन्यातून वर यायचं, आणि पट्ट्याच्या घरघरीत तुमचा आवाज आणखी चढायचा.

आम्ही बारा जण होतो. रेडिओवाले, टीव्हीवाले, एक शाळामास्तर, डिप्लोमाची चार पोरं. बायकांत मी एकटी. पहिल्या दिवशी मी "सर" म्हणाले, तर तुम्ही म्हणालात, "सर हिकडं कुनी न्हाई. मास्तर म्हन. आन् मागं बसू नगंस, पुढं ये. चूक करशील ती मला दिसली पायजे."

शिकवत मात्र होता. ते मी नाकारणार नाही. हॅशच्या त्या चिन्हाला तुम्ही जाळी म्हणायचा, आणि ए म्हणजे चिपमधला आकडा धरून ठेवायचा कप्पा. "मूव्ह ए, जाळी, तीस. म्हंजी काय? तीस हा आकडाच उचलून ए च्या हातात दिला. आन् जाळी न्हाई लावली तर? मूव्ह ए, तीस. आता तीस ह्यो घराचा नंबर झाला. जा त्या घरी, आत काय असंल ते घिऊन ये. आत काय हाय, तुला ठावं हाय का? न्हाई. मग काय बी येईल." मी नंतर इंग्रजी पुस्तकांतून हेच तीन-तीन पानं वाचलं. तुमच्याइतकं सरळ कुणी सांगितलेलं नाही.

पण एक जाळी विसरली तर तुम्ही काय करायचा?

तुम्ही बोलत नव्हता. मागे येऊन उभे राहायचा, माणसाला सगळे आकडे भरू द्यायचा, शेवटच्या बटणापर्यंत. चूक तुम्हाला पाचव्या आकड्यालाच दिसलेली असायची. मग तुम्ही वाकून भिंतीतला प्लग उपटायचा. लाल आकडे विझायचे. "पुन्हा," म्हणायचा, आणि पुढच्या किटकडे जायचा.

रफीकभाईंचं तुम्ही तसंच केलंत. घड्याळं आणि रेडिओ दुरुस्त करणारा चाळिशीचा माणूस, त्याच्यासारखं डाग देऊन तारा जोडणं तुम्हालाही जमत नव्हतं. इंग्रजी मात्र कच्चं. एका सकाळी तुम्ही त्यांचा प्लग तीनदा काढलात. तिसऱ्यांदा वर म्हणालात, "रफीक, तुजी बोटं शानी हायत, टाळकं बैलाचं हाय." पोरं हसली. रफीकभाईंनी किटवर प्लॅस्टिकचं आवरण नीट घातलं, डबा उचलला आणि जिना उतरले. पुन्हा आले नाहीत. तुम्ही फळ्याकडे वळलात आणि तिथूनच पुढे सुरू केलंत. मला त्या दिवशी तुमच्या पाठीचा राग आला होता. माणूस गेला तरी ती पाठ हललीसुद्धा नाही.

आणि मग माझे वडील आले.

ते पाटबंधारे खात्यात कारकून. मुलगी रोज सकाळी इतक्या पुरुषांत जाऊन काय शिकते, ते बघायला आले. मला आनंद झाला होता. त्या दिवशी मी दिवा उघडझाप करायचा प्रोग्राम फळ्यावरून उतरवून भरत होते. वडील बाकावर बसून बघत होते, मधूनच मान हलवत होते. शंभराच्या वर आकडे होते, मी एकही न अडखळता भरले. वळून त्यांच्याकडे बघितलं, आणि तेवढ्यात आकडे विझले.

"पुन्हा," तुम्ही म्हणालात.

वडील उभे राहिले. त्यांना वाटलं लाइट गेली. तुम्ही प्लग हातात धरून त्यांना म्हणालात, "तुमची पोरगी हुशार न्हाई सायेब. चिकट हाय."

आज कळतं की तुमच्या तोंडचं ते मोठं कौतुक होतं. वडिलांनी पहिलंच वाक्य ऐकलं. घरी येऊन ते जेवताना आईला म्हणाले, "बघायला सुरुवात करू आता. उगाच वेळ चाललाय." पुढच्या रविवारी कराडहून पहिलं स्थळ आलं. माझं क्लासला जाणं बंद झालं. त्यानंतर सात महिने मी शिवणक्लासला जाते असं सांगून चोरून तुमच्याकडे येत होते, पिशवीत मापाची टेप आणि अर्धवट शिवलेलं झबलं घेऊन. तुम्हाला ठाऊक होतं. एकदा तुम्ही ते झबलं वर धरून सगळ्यांना दाखवलंत आणि म्हणालात, "ह्यात बी चूक हाय, बाही उलटी लावलीस." सगळे हसले. मीसुद्धा हसले. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

त्याच महिन्यांत तुम्ही मला फेरे शिकवलेत, हे कुठे ठेवू? डी-जे-एन-झेड ही आज्ञा माझ्या डोक्यात शिरत नव्हती. तुम्ही खिशातून दहा चिंचोके काढून माझ्या ओंजळीत दिलेत. "खोलीला फेरी मार. एक फेरी झाली की एक चिंचोका टेबलावर टाक. हात रिकामा झाला का? न्हाई? मग परत फेरी. झाला? मग थांब. झालं. हीच आज्ञा. यापरीस जादा तिच्यात काय बी न्हाई." मी दहा फेऱ्या मारल्या. मग तुम्ही म्हणालात, "आता दर चिंचोक्याला शाळामास्तर आतल्या आत दहा उठाबशा काढतील." पन्नाशीच्या त्या गृहस्थांनी खरोखरच काढल्या. फेऱ्यात फेरा. तेव्हा मला कळलं की यंत्राला थांबवायचं म्हणजे त्याला निरर्थक मोजायला लावायचं. दुसऱ्या दिवशी माझा दिवा लागला, विझला, लागला. मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही म्हणालात, "आता अर्ध्या वेगानं कर." शाबास म्हणायला तुम्हाला काय झालं होतं?

सांगलीच्या कॉम्प्युटर इन्स्टिट्यूटमध्ये मला शिकवायची नोकरी लागली ती तुमच्या चिंचोक्यांमुळे. मुलाखतीत मी तेच बोलून दाखवलं. स्थळं थांबली, वडील पगाराची बाई म्हणून माझ्याशी वेगळं बोलायला लागले. विश्रामबागेत खोली घेतली. आणि दुसऱ्याच वर्षी मी विद्यार्थ्यांसाठी मराठीत एक पुस्तिका काढली. जाळी, घराचा नंबर, चिंचोके, सगळं तुमचं. मुखपृष्ठावर नाव माझं. आत कुठेही, एका ओळीतसुद्धा, तुम्ही नाही. विसरले नव्हते. बसून विचार करून नाव घातलं नाही. ती पुस्तिका साताऱ्यात गेली, पाठोपाठ आमची जाहिरात गेली, आणि तुमच्याकडची पोरं शनिवार-रविवार एसटीनं सांगलीला यायला लागली. दोन वर्षांत गिरणीची माडी बंद झाली, असं कुणीतरी सांगितलं. मी त्या दिवशी बाहेर जेवायला गेले. तेही मुद्दाम सांगते.

मग गेल्या वर्षी जूनमध्ये तुम्ही आलात. शनिवारची सी भाषेची नवी बॅच होती. आता मायक्रोकंट्रोलरला आकडे भरावे लागत नव्हते, कॉम्प्युटरवर सी मध्ये लिहायचं आणि कम्पायलर त्याचे आकडे करून देतो. वीस कॉलेजची पोरं आणि दारात तुम्ही, इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन, हातात पिशवी. उजवा हात हलत होता. आधी मला वाटलं तुम्ही काहीतरी खुणावताय. मग लक्षात आलं, तो थांबतच नव्हता.

"ॲडमिशन घेतलीया," तुम्ही म्हणालात. "आमची भाषा आता पेन्शनीत निघाली. तुजी शिकव."

पिशवीतून तुम्ही माझी पुस्तिका काढलीत. तुम्ही चौदावं पान उघडून समोर धरलंत. तिथे लाल पेनानं एक गोल होता. "नाव तुजं घातलंस ते बरं केलंस," तुम्ही म्हणालात. "कारन ही चूक बी तुजीच हाय. मी आसं शिकवलं न्हवतं." आणि पहिल्या बाकावर जाऊन बसलात. चूक खरीच होती. एका फेऱ्याची मोजणी एकानं जास्त होत होती. चार वर्षं शेकडो मुलांनी तीच वाचली होती.

त्या क्षणी मी ठरवलं की तुम्हाला सोडायचं नाही.

पहिल्या दोन शनिवारी काही झालं नाही. तिसऱ्या शनिवारी तुम्ही दिवा उघडझाप करायचाच प्रोग्राम लिहीत होता. डाव्या हातानं उजवा मनगटात धरून एकेक अक्षर दाबत होता. बारा ओळी लिहायला पाऊण तास लागला. मग कम्पायलरनं सांगितलं : आठव्या ओळीत चूक. तुम्ही आठवी ओळ वाचलीत. पुन्हा वाचलीत. बोट ठेवून वाचलीत. आठव्या ओळीत काहीच चुकलं नव्हतं, मास्तर. सातव्या ओळीच्या शेवटी अर्धविराम द्यायचा राहिला होता. अर्धविराम नसला की कम्पायलरला ओळ संपल्याचं कळत नाही, तो पुढच्या ओळीत शिरतो आणि तिथे अडखळून बोंब मारतो. पहिल्या महिन्यात प्रत्येक पोराला हे सांगावं लागतं. मी तुम्हाला सांगितलं नाही. मी तुमच्या मागे उभी राहिले. अर्धा तास.

"आठव्या वळीत काय बी चूक न्हाई," तुम्ही म्हणालात.

मी घड्याळ बघितलं.

"अलके, तुजं मशीन खोटं बोलतंय."

पोरं माना वळवून बघायला लागली होती. मी खाली वाकले आणि कॉम्प्युटरची वायर काढली. स्क्रीन काळी झाली. तुम्ही फाइल साठवली नव्हती, तुम्हाला ते अजून सवयीचं नव्हतं. मी म्हणाले, "पुन्हा." आणि मग जे ठरवून आले नव्हते, ते आपोआप तोंडातून गेलं, "बोटं तर थरथरतातच मास्तर, टाळकंसुद्धा बैलाचंच का?"

कुणीतरी हसलं. मग सगळेच हसले.

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मला वाटलं उठाल, पिशवी घ्याल, रफीकभाईंसारखे जिना उतराल. मला तेच हवं होतं. तुम्ही म्हणालात, "बराबर," आणि वायर लावायला स्वतः खाली वाकलात. हात इतका हलत होता की पिन भोकात जाईना. पुढच्या बाकावरचा एक जण उठला, त्याला मी डोळ्यांनी बसवलं. तुम्ही ती लावलीत. पुन्हा बारा ओळी लिहिल्यात. या वेळी सातव्या ओळीला अर्धविराम होता. कुणी सांगितलं नव्हतं, तुम्ही शोधला होता.

जाताना दारात थांबून तुम्ही भांडलात मात्र. "चूक सातव्या वळीत, बोंब आठव्या वळीत. ही कसली भाषा? आमचं किट गप ऱ्हायचं. कुठं चुकलं ते ज्याचं त्यानं हुडकायचं. ह्ये सांगतंय, आन् सांगतंय त्ये बी चुकीचं."

मी म्हणाले, "ते खोटं बोलत नाही. मागची ओळ संपली नाही हे त्याला पुढच्या ओळीवर आल्याशिवाय कळतच नाही."

"मग तसं म्हनावं की त्येनं. मला कळलं न्हाई म्हनावं. दुसऱ्याच्या माथी का मारतंय?"

त्यानंतर मी कितीतरी वेळा मनात तुमच्याशी तो वाद घातला आणि दर वेळी त्याच जागी अडकले.

डिसेंबरमध्ये परीक्षा झाली. तीन तास, कॉम्प्युटरवर प्रोग्राम लिहून किटवर चालवून दाखवायचा. तुमचं डोकं बरोबर होतं, कागदावर सगळं बरोबर होतं. हात पोचला नाही. वेळ संपली तेव्हा शेवटच्या चार ओळी राहिल्या होत्या. पासाला चाळीस लागतात, मी अडतीस दिले. दोन गुण देणं माझ्या हातात होतं. मी ते दुसऱ्या एका मुलाला दिले, ज्याला जाळी आणि घराचा नंबर यातला फरक सांगता आला नसता.

नापास झालेल्यांना मार्चमध्ये पुन्हा बसता येतं. तसं पत्र पोस्टानं जातं. तुमचं पत्र क्लार्कनं टाइप करून सहीला आणलं. मी सही केली, पाकीट बंद केलं, आणि माझ्या टेबलाच्या खणात ठेवलं. तुम्हाला हरलेलं मला बघायचं होतं, ते बघून झालं होतं. तो हात पुन्हा तीन तास समोर नको होता. जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. खण रोज उघडत होते, त्यात माझा डबा असायचा. पाकिटाला भाजीचं तेल लागलं, तेव्हा मी ते उलटं करून ठेवलं. मार्चची परीक्षा झाली आणि संपली.

मेमध्ये रफीकभाईंचा एसटीडी बूथवरून फोन आला. "अलकाताई, मास्तर गेले. माझ्या दुकानातच. पेपर वाचत बसले होते, मान टाकली."

मी विचारलं, "तुमच्या दुकानात?" कारण मला ठाऊक नव्हतं.

"चार वर्षं झाली, रोज यायचे की."

"माफी मागितली होती त्यांनी?"

"छे. मास्तर आणि माफी?" फोनमध्ये मागून रिक्षा गेल्याचा आवाज आला. "एक दिवस आले आणि स्टुलावर बसले. दुसऱ्या दिवशी परत आले. मला तेवढं पुरलं, ताई."

मला तेवढं पुरलं नसतं, मास्तर. मी तशी नाही. तुम्हीही तसे नव्हता. म्हणून तुम्ही त्यांच्याकडे रोज बसू शकलात, आणि माझ्याकडे यायला तुम्हाला ॲडमिशन घ्यावी लागली.

दहाव्यानंतर मी साताऱ्याला आले. तुमच्या दोन खोल्या मी कधी बघितल्या नव्हत्या. कपाटावर पाचही किट प्लॅस्टिकखाली होती, बाजूला म्हसवडच्या सिद्धनाथाचा फोटो, आणि आता शेजारी तुमचा. तुमच्या पत्नीनं, काकूंनी, दार उघडलं. मी नाव सांगितलं.

"आवं, तुमीच व्हय सांगलीच्या म्याडम? या, बसा की."

त्यांनी चहा केला. मला वाटलं होतं की तुम्ही घरी काहीतरी सांगितलं असेल, वायरीचं, हसण्याचं. काकूंच्या चेहऱ्यावर तसं काही नव्हतं. त्या समोर जमिनीवर बसल्या आणि बोलायला लागल्या.

"लय नाव घ्यायचं तुमचं. म्हनायचं, दोन मार्कं कमी पडली, पुन्ना बसायचं हाय, मार्चात बोलावनं येईल. मोकळं खोकं घिऊन त्येच्यावर बोटं बडवायचं, सवय व्हावी म्हनून. पोस्टमन दिसला की जिन्यात जाऊन हुबं ऱ्हायचं. म्या म्हनायची, आवं, ह्या वयात कशाला पायजे परीक्षा? तर म्हनायचं, येनार बोलावनं. अलका नियम मोडत न्हाई."

कप माझ्या हातात होता.

"मग बोलावनं आलंच न्हाई," काकू म्हणाल्या. "हिकडचं पोस्ट लय घोळ घालतंया. तसंच झालं आसंल, न्हवं?"

मला हो म्हणायचं होतं. त्यांनी उत्तर तयार करून माझ्या हातात दिलं होतं. फक्त मान हलवायची होती. मी तुमच्या फोटोकडे बघितलं नाही.

"पत्र लिहिलं होतं, काकू," मी म्हणाले. "मी टाकलं नाही."

काकू पुढे झुकल्या. त्यांना वाटलं असावं की आपण नीट ऐकलं नाही.

"का वं?"

"त्यांना पुन्हा बघायचं नव्हतं मला."

काकू उठल्या. त्यांनी माझ्या हातातला कप काढून घेतला. त्यात अजून अर्धा चहा होता. तो घेऊन त्या आत गेल्या, आणि मोरीत ओतल्याचा आवाज आला. मग नळ सुटला. मी चपला घातल्या आणि जिना उतरले.